जमैकाचे शेंगोळे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जमैका म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली. त्या मालिकेतली पहिली कसोटी जमैकाच्या किंग्स्टन शहरात झाली आणि आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी तिथं २१२ धावा काढल्या. पुढच्या पिढ्यांना होल्डिंग, वॉल्श, ख्रिस गेल आणि धावपटू उसेन बोल्ट ठाऊक आहेत. पण त्या बेटावरची माणसं घरी काय रांधतात, चुलीवर काय शिजवतात, असं मला कुणी विचारलं असतं तर मी गप्पच बसले असते.

मी राहते आष्टीला. महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच आहेत. एक बीड जिल्ह्यात, एक वर्ध्याला, एक गडचिरोलीकडे. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. तिथं मी पुष्कळ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आता निवृत्त आहे. घरी माझ्या सासूबाई आहेत, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. वयाची ऐंशी कधीच उलटली. डोळे अधू झालेत, पण जीभ आणि हात अजून शाबूत आहेत.

माझी मुलगी कॅनडात, टोरोंटोला असते. त्या शहरात जमैकाहून आलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. तिच्या शेजारीही असंच एक कुटुंब आहे. एकदा थंडीत मुलगी तापानं आजारी पडली, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी एका भांड्यातून कालवण आणि भात आणून दिला. त्या रात्री मुलीचा फोन आला. आवाज बसलेला, पण त्यात आनंद होता. म्हणाली, "आई, तुला खरं वाटणार नाही. यात शेंगोळे आहेत गं!"

शेंगोळे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हुलग्याचं पीठ तिखटमीठ घालून घट्ट मळायचं, त्याचे छोटे गोळे तळहातांत वळून बोटासारख्या वळ्या करायच्या आणि त्या लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवायच्या. कुणी त्यांची टोकं जोडून कडं करतं, कुणी सरळच ठेवतं. हुलग्याला कोकणात कुळीथ म्हणतात. मराठवाड्यात, नगरकडे, जुन्नरकडे शेंगोळे घरोघर होतात. पावसाची झड लागली, अंगात कणकण वाटली की हमखास होतात. आता हा पदार्थ सातासमुद्रापलीकडच्या जमैकात कसा गेला? की तो तिथं गेलाच नाही, तिथलाच आहे? या प्रश्नानं माझी पाठ धरली. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते, आणि दोन्ही पदार्थ घरी कसे करायचे तेही.

जमैकातल्या त्या कालवणाचं नाव 'स्ट्यू पीज'. नावात पीज असले तरी त्यात वाटाणा नसतो. तिकडे घेवड्याच्या दाण्यांनाही पीजच म्हणतात. हे दाणे म्हणजे आपला लाल राजमा. तो रात्रभर भिजवायचा, दुसऱ्या दिवशी खारवलेल्या मांसाच्या तुकड्यांबरोबर मऊ शिजवायचा, त्यात नारळाचं दूध, लसूण, पातीचा कांदा, थाइम नावाच्या झुडपाची पानं आणि पिमेंटोचे दाणे घालायचे. वर एक अख्खी मिरची अलगद ठेवायची. आणि शेवटी गव्हाच्या पिठाच्या, तळहातांत वळलेल्या बोटाएवढ्या वळ्या सोडायच्या. त्यांना तिथं 'स्पिनर्स' म्हणतात. आपल्याला स्पिनर म्हटलं की बेदी-चंद्रशेखर आठवतात, तिकडे या वळ्या आठवत असतील. कारण एकच, दोन्हीकडे हात फिरतो.

हे कालवण जमैकात जन्मलं कसं, ते समजून घ्यायला तिथला इतिहास थोडासा पाहावा लागतो. १६५५ साली इंग्रजांनी हे बेट स्पॅनिश लोकांकडून घेतलं आणि तिथं उसाचे मोठमोठे मळे उभे केले. मळ्यांत राबायला आफ्रिकेतून माणसं पकडून, साखळदंडानं बांधून आणली. या गुलामांना मालकाकडून शिधा मिळे तो खारवलेल्या माशाचा, खारवलेल्या मांसाचा. तोही तुटपुंजा. बाकीचं त्यांनी स्वतः पिकवायचं. मळ्याच्या कडेची, डोंगरउताराची ऊस न येणारी जमीन त्यासाठी त्यांना दिलेली असे. दिवसभर मालकाचा ऊस आणि उरल्या वेळात आपली कंदमुळं, आपले घेवडे. एक भांडं चुलीवर ठेवायचं, जे असेल ते त्यात टाकायचं, आणि पिठाच्या वळ्या घालून ते सगळ्यांना पुरवायचं. घरात माणसं जास्त आणि मांस थोडं असलं म्हणजे सगळीकडच्या बायका हेच करतात.

गुलामगिरी संपवण्याचा कायदा १८३४ साली अमलात आला आणि १ ऑगस्ट १८३८ रोजी हे लोक खऱ्या अर्थानं मोकळे झाले. मग मळेवाल्यांना मजूर हवे झाले. ते त्यांनी हिंदुस्थानातून आणले. १० मे १८४५ रोजी एक जहाज कलकत्त्याहून निघून जमैकाच्या ओल्ड हार्बर बे या बंदराला लागलं. त्यात अडीचशेहून अधिक आपली माणसं होती. पुढं १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार हिंदी माणसं करारानं तिथं गेली. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झालं आणि ती माणसं गिरमिटिया म्हणून ओळखली गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची होती. जमैकातलं बकऱ्याच्या मटणाचं हळदीचं कालवण, 'करी गोट', ही या माणसांची देणगी. आज ते तिथल्या लग्नकार्यात हवंच असतं, मग घर कुणाचंही असो.

म्हणजे आपली माणसं तिकडे गेली हे खरं. पण म्हणून स्पिनर्स आपण नेले असं मी म्हणणार नाही. घेवडा आणि पिठाच्या वळ्यांचं कालवण तिथल्या मूळ कष्टकऱ्यांचं आहे आणि शेंगोळे आपले आहेत. दोन्हीकडे गरज सारखी होती, म्हणून हातही सारखाच वळला, एवढंच.

हे ऐकताना मला माझी शाळा आठवली. आमच्या मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रातले, कर्नाटकातले साखर कारखाने गाठायचे, उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी घालायची आणि चार-पाच महिने तिथंच संसार मांडायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की माझ्या वर्गातली काही मुलं दिसायची नाहीत. परत यायची ती मार्च-एप्रिलमध्ये, रापलेली. एकदा मी एका मुलीला विचारलं, "तिकडे जेवायला काय करायची तुझी आई?" ती म्हणाली, "बाई, सकाळी भाकरी. आणि रातच्याला शेंगोळे, येकाच भगुन्यात." पहाटे तीन-चारला उठून फडात जाणारी आणि अंधारात परत येणारी बाई दुसरं काय करणार? एक भगुनं, एक चूल. भाजी मिळाली तर मिळाली. पीठ, तिखट, मीठ, लसूण एवढं असलं की सगळ्यांची पोटं भरतात. जमैकातल्या उसाच्या मळ्यातली बाई आणि आमच्या उसाच्या फडातली बाई, दोघींच्या मधे समुद्र आहे आणि पावणेदोनशे वर्षं आहेत. भांडं मात्र एकच आहे.

मुलगी बरी झाल्यावर तिनं शेजारच्या आजींना सांगितलं की आमच्याकडेही असं करतात. आजींचा विश्वास बसेना. म्हणाल्या, "करून दाखव." मग मुलीचा मला फोन. "आई, शेंगोळ्यांचं प्रमाण सांग." आणि इथं माझी पंचाईत झाली. गेली चाळीस वर्षं मी शेंगोळे खातेय, पण आमच्या घरी ते आत्याबाईच करत आल्या. मी शाळेत जायची, त्या चूल सांभाळायच्या. त्यांना विचारलं, "आत्याबाई, पीठ किती घेता?" म्हणाल्या, "लागंल तेवढं." "पाणी किती?" "मागंल तेवढं." "मीठ?" "चवीपुरतं."

मी एकटीनं करून पाहिलं. अंदाजानं पीठ मळलं, वळ्या केल्या आणि पाणी जरा गरम झाल्याबरोबर त्यात सोडल्या. पाच मिनिटांत सगळ्याचं पिठलं झालं. वळी शोधूनही सापडेना. आत्याबाईंनी ताटातलं सगळं खाल्लं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "पिठलं बरं झालंय."

त्या दिवशी मला भीती वाटली ती शेंगोळे बिघडल्याची नव्हती. या बाईच्या हातात जे आहे ते कुठंच लिहिलेलं नाही, आणि उद्या हे हात थांबले की तेही थांबणार, हे पहिल्यांदा लक्षात आलं. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना लिहायला शिकवलं आणि घरातलं हे एवढं लिहून घ्यायचं राहिलं.

मग एक युक्ती केली. बाजारातून स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला. त्यावर परात ठेवली आणि आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं पीठ घ्या. त्या आधी चिडल्या. "हात म्हंजी काय तराजू हाय का?" पण घेतलं. एक ओंजळ पडली की मी आकडा लिहायची. तीन ओंजळी हुलग्याच्या पिठाच्या पडल्या आणि तिन्ही वेळा काटा शंभर ग्रॅमच्या आसपास थांबला. हात म्हणजे तराजूच होता. मी तो आकडा त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण चौथी ओंजळ जरा मिरवत घातली.

तर ते प्रमाण आता सांगते. कागद-पेन्सिल घ्या.

पाच माणसांसाठी हुलग्याचं पीठ ३०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, गव्हाची कणीक ५० ग्रॅम. हुलगे दळून आणण्याआधी कढईत कोरडेच, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावेत. त्यानं उग्रपणा जातो आणि पीठही टिकतं. पिठात एक चमचा ओवा चुरडून, एक चमचा जिरं, अर्धा चमचा हळद, चवीप्रमाणे मीठ आणि आठ-दहा लसूण पाकळ्या व तीन-चार हिरव्या मिरच्यांचा ठेचा घालावा. पाणी बेताबेतानं घालत भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट मळावं. दहा मिनिटं झाकून ठेवावं. मग तळहाताला तेल लावून लिंबापेक्षा लहान गोळा घ्यावा आणि दोन्ही तळहातांत पुढं-मागं फिरवत करंगळीएवढी जाड वळी करावी.

पातेल्यात दोन पळ्या तेल तापवावं. आमच्याकडे पूर्वी करडईचं तेल असायचं, अजूनही मिळालं तर जरूर वापरा. त्यात मोहरी, जिरं, ठेचलेला भरपूर लसूण घालावा. लसूण लालसर झाला की गॅस बारीक करून दोन चमचे लाल तिखट आणि लगेच दीड-दोन लिटर पाणी. तिखट तेलात पडल्यावर वेळ दवडू नये, करपतं आणि कडू लागतं. मीठ घालावं. पाणी खळाखळा उकळलं की मगच शेंगोळे एकेक करून सोडावेत. पहिली तीन-चार मिनिटं डाव घालू नये. नंतर आच मध्यम करून वीसेक मिनिटं शिजू द्यावं. परातीला जे पीठ चिकटलेलं असतं ते वाटीभर पाण्यानं धुऊन त्याच रश्श्यात ओतावं. रस्सा दाट येतो आणि दाणाही वाया जात नाही. वरून कोथिंबीर. वाढताना थोडं कच्चं तेल किंवा साजूक तूप घ्यावं, बरोबर ज्वारीची भाकरी आणि फोडलेला कांदा.

माझे शेंगोळे विरघळले का, ते आता सांगता येईल. गव्हाच्या पिठात मळताना एक चिवट जाळं तयार होतं, त्याला ग्लुटेन म्हणतात. त्यामुळं कणकेला ताण असतो. जमैकाचे स्पिनर्स नुसत्या गव्हाच्या पिठाचे, म्हणून ते निर्धास्त राहतात. हुलग्यात आणि ज्वारीत हे जाळं नसतं. तिथं वळीला धरून ठेवतो तो पिठातला स्टार्च. उकळतं पाणी लागलं की वळीच्या बाहेरच्या थरातला स्टार्च ताबडतोब फुगतो, चिकट होतो आणि वळीभोवती जणू कवच बसतं. पाणी कोमट असेल तर कवच बसायच्या आतच पीठ सुटायला लागतं. डाव लगेच घातला तर कवच मोडतं. आणि ती मूठभर कणीक आत्याबाई का घालतात, तेही कळलं. त्यांना ग्लुटेन हा शब्द माहीत नाही. त्या म्हणतात, "गव्हानं पीठ धरून राहतं." शास्त्र तेच.

आता जमैकाचं कालवण आष्टीच्या बाजारातल्या सामानात कसं करायचं? आम्ही ते केलं. आमच्या घरी मांस शिजत नाही, पण त्यातही अडचण नाही. जमैकात रास्ताफारी पंथाचे लोक आहेत, १९३० च्या दशकात तिथं हा पंथ सुरू झाला. त्यांच्यातले बरेचजण मांस वर्ज्य मानतात आणि घेवड्याचं कालवण बिनमांसाचंच करतात. आम्ही तोच रस्ता धरला.

पाव किलो राजमा रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावा. सकाळी ते पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात कुकरला लावून पाच-सहा शिट्ट्या कराव्यात, दाणा बोटानं सहज दबला पाहिजे. इथं एक सावधगिरी. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. दाणा अर्धाकच्चा राहिला तर उलट्या-जुलाब होतात. जोरदार उकळीनं ते नाहीसं होतं, नुसत्या मंद आचेवर ठेवून जात नाही. म्हणून राजमा कधीही कचवट खाऊ नये, मग तो जमैकाचा असो की पंजाबचा.

आता मसाला. थाइम आपल्याकडे मिळत नाही. पण थाइमला जो वास असतो तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आणि तेच द्रव्य आपल्या ओव्यात भरपूर आहे. म्हणून चमचाभर नाही, फक्त पाव चमचा ओवा घ्यावा. पिमेंटो हे जमैकाच्या भूमीतलं झाड. त्याचे वाळलेले दाणे मिऱ्यांपेक्षा थोडे मोठे दिसतात, आणि वास लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र केल्यासारखा येतो. त्यातलं मुख्य द्रव्य आणि लवंगेतलं द्रव्य एकच. तेव्हा तीन लवंगा, आठ मिरे आणि दालचिनीचा छोटा तुकडा जाडसर कुटून घेतला की काम भागतं. शिजलेल्या राजम्यात हा मसाला, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, तीन-चार पातीचे कांदे चिरून आणि मीठ घालून दहा मिनिटं उकळावं.

एक वाटी कणकेत चिमूटभर मीठ घालून घट्ट मळावं, शेंगोळ्यांसारख्याच पण बारीक वळ्या कराव्यात आणि उकळत्या कालवणात सोडाव्यात. त्या शिजून वर आल्या की एका नारळाचं दूध घालावं, आच मंद करावी. दूध घातल्यावर जोरात उकळलं तर ते फाटल्यासारखं दिसतं. याच वेळी एक लाल मिरची, देठासकट, चिरा न देता वर ठेवावी आणि दहा मिनिटांनी हलक्या हातानं काढून घ्यावी. जमैकातल्या बायकांची ही मोठी नजाकत. त्यांची मिरची आपल्या लवंगी मिरचीला मागं टाकील अशी जहाल. ती फुटली तर कालवण तोंडाला लावता यायचं नाही. न फुटता राहिली तर तिचा सुगंध तेवढा उतरतो आणि तिखटपणा आतच राहतो. हे कालवण गरम भाताबरोबर खायचं.

आम्ही ते केलं त्या दिवशी आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोडसर हाय. पर उपाशी माणसाला चालंल." माझ्या मते यापेक्षा चांगली पावती त्या कालवणाला मिळाली नसती.

कारण उपाशी माणूस कसा असतो हे त्यांनी पाहिलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट त्या सांगतात. विहिरी कोरड्या, जनावरं विकलेली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी जमायची नाही, थापताना तुटायची. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बायका जायच्या. याच काळात सरकारनं रोजगार हमीची कामं सुरू केली, पुढं १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या दिवसांत आत्याबाईंच्या सासूनं कणगीच्या तळाशी राहिलेले हुलगे काढले. एरवी ते भरडून बैलांना घालायचे. बैल विकले होते. हुलगे माणसांनी खाल्ले. आत्याबाई म्हणतात, "भाकर तुटायची, शेंगोळं न्हाई तुटलं."

हुलगा हे असंच पीक आहे. हलकी जमीन, पाऊस कमी, कुणी लक्ष देत नाही, तरी येतं. आणि पोषणाच्या दृष्टीनं ते हलकं नाही. डाळवर्गातल्या प्रथिनांत जे कमी पडतं ते ज्वारी-गव्हातून मिळतं आणि धान्यात जे कमी असतं ते डाळवर्गात असतं. शेंगोळ्यात दोन्ही एकत्र आहेत. राजमा आणि गव्हाच्या वळ्यांतही तेच. जगभरच्या गरीब स्वयंपाकघरांनी ही जोडी आपापली शोधून काढली. इंग्रजीत हुलग्याचं नावच घोड्याचा हरभरा असं आहे, त्यामुळं की काय, आपणही त्याला कमी लेखतो. पाहुणे आले की शेंगोळे करत नाही, लाजतो.

आता आमच्या भागात जिकडं पाहावं तिकडं कपाशी आणि सोयाबीन. त्यात शेतकऱ्याची चूक नाही, पैसा त्यात आहे. पण पूर्वी शेतात ज्वारीबरोबर तूर, मूग, उडीद, बांधाकडेला थोडे हुलगे असायचे. एक गेलं तर दुसरं हाताशी राही. मागच्या वर्षी शेंगोळ्यांसाठी हुलगे घ्यायला गेले तर दुकानदारानं विचारलं, "बाई, मुतखड्यासाठी का?" हुलगे आता औषध म्हणून विकले जातात. ज्या धान्यानं दुष्काळात माणसं जगवली, त्याची जेवणातली ओळख पुसली जातेय.

म्हणून ही विनंती. तुमच्याही घरी अशी एक बाई असेल, आई, आजी, आत्या, जिचं प्रमाण हातात आहे आणि कागदावर नाही. एखाद्या रविवारी तिच्या हाताखाली वजनकाटा ठेवा. ती रागावेल, रागावू द्या. आकडे लिहा, आणि आकड्यांशेजारी ती काय बोलते तेही लिहा. कारण "मागंल तेवढं पाणी" याचा अर्थ आकड्यात मावत नाही. पीठ हाताला कसं लागायला हवं ते तिच्या शेजारी बसूनच कळतं.

माझ्या मुलीनं टोरोंटोत शेंगोळे केले. हुलग्याचं पीठ मी पार्सलनं पाठवलं होतं, प्रमाणाचा कागदही. शेजारच्या आजींना तिनं वळी कशी करायची ते दाखवायला सुरुवात केली, तर त्यांनी तिला बाजूला सारलं, गोळा घेतला आणि तळहातांत फिरवला. मुलीनं फोनवर ते मला दाखवलं. मी फोन आत्याबाईंच्या डोळ्यांजवळ धरला. त्यांना नीट दिसलं की नाही कोण जाणे, पण थोड्या वेळानं म्हणाल्या,

"त्या बाईला सांग, जरा जाड ठिव म्हणावं. बारीक वळी इरगाळती."

मी सांगितलं. तिकडच्या आजींनी मान हलवली आणि पुढची वळी जाड केली.